माईकवर न आलेलं नाव

पेशानं मी शिक्षक. मुखेडच्या आसपासच्या शाळांत गणित शिकवण्यात आयुष्य गेलं. पण या भागात मला गणितामुळं कुणी ओळखत नाही. ओळखतात ते लग्नातल्या माईकमुळं. माझा आवाज चांगला आहे, आणि हे सांगताना मी उगाच नम्र होणार नाही. मुखेडपासून जळकोटपर्यंत कुठंही लग्न ठरो, पत्रिका छापायच्या आधी मला फोन यायचा, "सर, त्या तारखेला मोकळे हाव का तुमी?" मी थोडा वेळ गप्प राहायचो, मग हो म्हणायचो. लगेच हो म्हटलं की किंमत राहत नाही.

ज्यांनी आमच्याकडचं लग्न पाहिलेलं नाही त्यांना माझं काम समजावून सांगावं लागेल. नवरा-नवरी स्टेजवर उभी असतात, भटजींच्या हातात अंतरपाट असतो, लोकांच्या मुठीत अक्षता असतात. तेवढ्यात मंडपाच्या तोंडाशी एक पांढरी गाडी थांबते. भटजी थांबतात आणि मी सुरू होतो. "आपल्या भागाचे भाग्यविधाते, गोरगरिबांचे कैवारी, यांचं या ठिकाणी आगमन झालेलं आहे!" बँड वाजतो, फटाके फुटतात. पुढाऱ्याला स्टेजवर नेतात, फेटा बांधतात, शाल घालतात, मग ते वधूवरांना आशीर्वाद म्हणून दोन शब्द बोलतात. दोन म्हणजे किती, हे ज्याच्या त्याच्या पदावर अवलंबून. ते खाली बसतात न बसतात तोच दुसरी गाडी. पत्रिकेवरचा मुहूर्त केव्हाच टळलेला असतो, मुठीतल्या अक्षता घामानं चिकटलेल्या असतात, आणि नवरीच्या मुंडावळ्या नाकावर आलेल्या असतात.

एकदा मी पांढरी गाडी पाहिली आणि सवयीनं सुरू झालो. बँड वाजला, फटाके फुटले. गाडीतून आइस्क्रीमचे डबे घेऊन नवरीचा मामा उतरला. पण मामाही आमच्याच भागातला. त्यानं डबे खाली ठेवले, शाल घेतली, फेटा बांधून घेतला आणि दोन शब्दही बोलला. त्या दिवशी सगळ्यात चांगलं भाषण त्याचंच झालं होतं, हे मला आजही कबूल करावं लागतं.

तर अशा या भागात ती राजकारणात आली.

ती माझी विद्यार्थिनी. गावाबाहेरच्या बौद्ध वस्तीतलं घर, आई दुसऱ्याच्या शेतात रोजानं जाणारी, वडील सरकारी दवाखान्यात शिपाई. सहावीत मी सरासरी शिकवत होतो. गावातल्या घरांची जमीन घ्या, बेरीज करा, भागा, झाली सरासरी. तिनं हात वर केला. "सर, सरासरीत आमाला बी जमीन आली की. मग ती हाय कुठं?" वर्ग हसला. मी पण हसलो आणि पुढचं उदाहरण घातलं. घरी जाताना मात्र तो प्रश्न माझ्याबरोबर आला.

पुढं ती नांदेडला शिकली, मग मुंबईला गेली. तिथं तिनं सार्वजनिक धोरण हा विषय घेतला. तिचे वडील मला बाजारात भेटले तर पिशवी खाली ठेवून विचारायचे, "सर, ह्या धोरणानं पोट भरतंय का हो?" मला तरी कुठं मालूम होतं! मी म्हणायचो, भरतं, भरतं. सरकारी योजना खरंच कुणापर्यंत पोचतात, कुठं अडतात, हे शोधून लिहायचं तिचं काम होतं. मोठमोठ्या साहेबांबरोबर तिचं उठणं-बसणं होतं. गावाला वाटायचं, ही आता कलेक्टर होऊन येणार.

ती आली, पण जिल्हा परिषदेला उभं राहायला. आमचा गट, म्हणजे मतदारसंघ, महिलांसाठी राखीव झाला होता. दोन बड्या घराण्यांनी आपापल्या सुना उभ्या केल्या होत्या, त्या एकमेकींची मतं खाऊन बसल्या आणि मधल्यामध्ये ही निवडून आली. तिचा पहिला विजय तिच्या गुणांमुळं झाला असं मी म्हणणार नाही. तीही म्हणत नाही.

निवडून आल्यावरच्या पहिल्याच लग्नात ती मागच्या बाजूनं आली, माझ्याजवळ साउंडवाल्याच्या पेटीशी उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "सर, माझं नाव घेऊ नका."

मला वाटलं लाजते आहे. "अगं, पहिल्यांदा सगळ्यांनाच असं होतं. मी चांगलं घेतो नाव. तुझ्यासाठी खास ओळी बांधल्यात."

"तसं नाही सर. वर बसवलं की मला नुसते फेटे दिसतात. बायका मांडवाच्या त्या टोकाला असतात. नवरी मुहूर्ताआधी आतल्या खोलीत असते. मला आत बसायचंय."

"मग लोकांना कळणार कसं तू आलीस ते?"

"ज्यांच्या शेजारी बसेन त्यांना कळंल की."

मला राग आला. सरळ सांगायचं तर अपमान वाटला. ज्या माईकसाठी आमदार थांबतात, त्या माईकला ही पोरगी नको म्हणते! पण ती एकदा नाही म्हणाली की विषय संपतो, हे मी सहावीपासून ओळखून होतो. मी नाव घेतलं नाही.

आत बसणं तिला काही सोपं नव्हतं. स्टेजवर आमच्याकडं कुणाच्याही गळ्यात हार घालतात, त्याला काही लागत नाही. आतल्या खोलीत कोण कुणाशेजारी बसतं आणि कुणाच्या हातचं पाणी पितं, ही वेगळी गोष्ट असते. एका लग्नात सगळ्या बायकांपुढं तांब्या फिरला आणि हिला कागदी पेला आला. तिनंच मला सांगितलं, आणि हसत सांगितलं. "पुढच्या लग्नात मी काय केलं सर, तांब्या मीच उचलला आणि सगळ्यांना पाणी वाढत सुटले. एक म्हातारी नको म्हणाली. बाकीच्या प्याल्या." मला हसू आलं नाही. मी इतकी वर्षं त्याच मांडवांत बोलत होतो आणि त्या खोलीत एकदाही डोकावलो नव्हतो.

माझ्या मनात तिच्याविषयी एक अढी मात्र याच काळात बसली. माझ्या मुलीचं लग्न नांदेडला झालं. मोठं कार्यालय घेतलं होतं. दुसऱ्या कुणाचा आवाज मला सहन होणार नव्हता, म्हणून मुलीच्या लग्नात माईकही मीच धरला. एकेका पुढाऱ्याचं आगमन मी असं काही सांगितलं की लोक अजून आठवण काढतात. सगळे आले. ती आली नाही. माझी विद्यार्थिनी, जिच्यासाठी मी माझा माईक गप्प ठेवत होतो, ती माझ्याच दारी आली नाही. मी कुणाजवळ काही बोललो नाही, घरातसुद्धा नाही. पण ते मनात राहिलं ते राहिलंच.

दोनेक लग्नसराया गेल्यावर ती एका संध्याकाळी माझ्याकडं आली. चहा पुढं होता, तो निवून गेला तरी ती बोलतच होती. नवरीजवळ बसलं की ती एकाच विषयावर गप्पा मारायची: किती शिकलीस, कुठं शिकलीस, का सोडलंस. "सर, एक उदाहरण घालते. देगलूरकडच्या रस्त्यावरच्या गावांत नवऱ्या बारावी झालेल्या आहेत, काही बीए आहेत. जळकोटकडच्या रस्त्यावर पुढं गेलं की सगळ्या दहावी. हुशार असो नाहीतर ढ असो, दहावी. का?"

"लोक अडाणी आहेत तिकडचे," मी म्हणालो.

"मुंबईत बसून मी पण हेच लिहिलं होतं. पालकांची मानसिकता. छान शब्द आहे की नाही? सर, मानसिकता नाही. बस."

गोष्ट इतकी साधी होती की मला ती दिसली नव्हती. आपल्याकडची बस जिल्ह्याच्या हद्दीवरच्या शेवटच्या गावापर्यंत जायची आणि तिथून परत फिरायची. हद्दीपलीकडं लातूर जिल्हा, दुसऱ्या आगाराचा भाग. कॉलेज पलीकडं, अगदी जवळ. पण मधला ओढ्याचा रस्ता मुलींनी एकट्यानं चालायचा कसा? मुखेडचं कॉलेज लांब, आणि सकाळची बस पोचेपर्यंत निम्मे वर्ग होऊन गेलेले. मग दहावी झाली की मुलगी घरी, आणि घरी बसली की स्थळं सुरू. दोष कुणा एकाचा नव्हता. इकडचे म्हणत आमची हद्द संपली, तिकडचे म्हणत आमची सुरू व्हायची आहे.

ती नांदेडला गेली, लातूरला गेली, पुन्हा नांदेडला आली. एखादा बेजार होऊन नाद सोडून देतो तिथून तिचं काम सुरू व्हायचं. कुणावर ओरडली नाही, कुणाच्या टेबलावर हात आपटला नाही. अखेर सकाळची बस हद्द ओलांडून कॉलेजपर्यंत जाऊ लागली आणि दुपारी मुलींना घेऊन परत येऊ लागली. मी एकदा मुद्दाम त्या बसनं गेलो. मागच्या चार सीटांवर मुली एकीच्या मांडीवर एक बसल्या होत्या आणि रसायनशास्त्राच्या मास्तरांची नक्कल करत होत्या. एका शिक्षकानं ते ऐकू नये असं होतं. मी सगळं ऐकलं.

पुढच्या निवडणुकीत ती पडली.

समोरचा उमेदवार सगळ्या लग्नांत दिसायचा. मीच त्याला दाखवायचो. गावोगाव एकच बोलणं होतं, "ताई शिकलेल्या हायत, काम बी करत्यात, पर माणसाच्या सुखदुःखात येत न्हाईत." मी पारावर बसून हे ऐकत होतो. मी डोळ्यांनी तिला एकेका मांडवात शिरताना पाहिलेलं. पण माईकनं सांगितलं नाही म्हणजे ती आलीच नव्हती. थोडक्या मतांनी पडली, आणि पडल्यावर काही दिवसांतच बस पुन्हा हद्दीवरून परत फिरू लागली. कारण विचारणारं कुणी उरलं नव्हतं.

तिनं मुखेडला भाड्याच्या दोन खोल्या घेतल्या आणि तिथंच राहिली. मुंबईची बोलावणी येत होती, मला माहीत आहे. पोटापुरतं लिहिण्याचं काम करायची, आणि लग्नाला जायची. पूर्वीसारखीच, मागच्या दारानं. मधे आरक्षणाचा वाद कोर्टात अडकला आणि कितीतरी वर्षं जिल्हा परिषदेच्या निवडणुकाच झाल्या नाहीत. पद नसलेल्या माणसाला कचेरीत कोण विचारतो? तरी ती बसचं तुणतुणं घेऊन जायचीच. मी एकदा चिडून म्हणालो, "तुला दुसरा विषयच नाही का?" ती म्हणाली, "हा संपला की दुसरा घेते."

अखेर निवडणूक लागली. त्या संध्याकाळी मी तिला घरी बोलावलं आणि समोर बसवून बोललो. माझा आवाज वाढला असेल. "हे बघ, हट्ट पुरे. तू पडलीस तर ती बस कायमची हद्दीवर राहील. तुझ्या तत्त्वाचं लोणचं घालायचं आहे का? एकदा, फक्त एकदा मला तुझं नाव घेऊ दे. हद्दीवरच्या गावात लग्न आहे, सगळा गट तिथं जमणार आहे. स्टेजवर ये, फेटा बांधून घे, दोन शब्द बोल, खाली उतर."

तिनं दोन्ही हातांनी चेहरा पुसला. मग म्हणाली, "घ्या सर. एकदा घ्या."

मला आनंद व्हायला हवा होता. ती दमलेली दिसली, आणि मला आत कुठंतरी वाईट वाटलं. तरी दुसऱ्या दिवसापासून मी तिच्यासाठी ओळी बांधायला लागलो.

लग्नाच्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. नवरी त्याच गावची. बस सुरू होती तेव्हा त्या बसनं जाऊन बारावी झालेली, मग नांदेडला नर्सिंग शिकलेली, आता लातूरला दवाखान्यात नोकरी. मुहूर्त कधीच टळला होता. नवरा घामानं डबडबला होता, नवरी नुसती उभी होती. चार पुढाऱ्यांचे सत्कार झाले होते. आणि मला बायकांच्या बाजूनं ती येताना दिसली. मी घसा साफ केला. "आता या ठिकाणी, ज्यांनी विद्येच्या बळावर..."

"सर, माईक द्या."

नवरीनं हात पुढं केला होता. आमच्या धंद्यात एक सवय असते, स्टेजवर कुणीही हात पुढं केला की माईक द्यायचा. नंतर भांडत बसायचं. मी दिला.

मुंडावळ्या एका हातानं बाजूला करून ती बोलली. "ताई आल्या हायत. आता न्हाई, कालच्या हळदीपास्नं माझ्याजवळ हायत. आमच्या गावातल्या समद्या पोरींच्या लग्नाला त्या आलत्या. बायकांत बसत्यात म्हून तुमाला दिसत न्हाईत. त्यांना वर बोलवू नका. सत्कार करू नका. अन् भटजी, तुमी मंगलाष्टक म्हणा आता, लई येळ झाला."

मग बायकांच्या बाजूनं एक हसली, तिच्या मागून दुसरी, आणि मग तो सगळा कोपराच हसायला लागला. भटजींनी वाट पाहिली नाही, अंतरपाट धरला. पाचव्या पुढाऱ्याची गाडी आली तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या आणि ते आपले बुटांना चिकटलेल्या अक्षता झटकत उभे होते. मी स्टेजच्या कडेला हात रिकामे घेऊन उभा होतो. जेवताना माझी विद्यार्थिनी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "सर, तुमचं वाक्य अर्धंच राहिलं." तिचा चेहरा उजळला होता. इतकी मोकळी मी तिला बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती.

त्यानंतर गावोगाव काय झालं ते मला पारावर कळलं. पुरुष घरी जाऊन बायकांना विचारत होते, "ताई आपल्या पोरीच्या लग्नाला आलत्या का गं?" आणि घरोघर एकच उत्तर मिळत होतं, "हाव. आलत्या की." कुणाच्या नवरीचे केस तिनं विंचरले होते, कुणाच्या रडणाऱ्या पोरीजवळ ती बसून राहिली होती, एका घरी तर मुलीचं वय कमी म्हणून लग्न पुढं ढकलायला तिनं आईला तयार केलं होतं, आणि बापाला अजून पत्ता नव्हता. हे सगळं घरातच होतं. कुणी विचारलं नव्हतं.

ती निवडून आली. या खेपेला कुणाची मतं कुणी खाल्ली नव्हती. काही महिन्यांत बस पुन्हा ओढ्यापलीकडं गेली, आणि तिनं शब्द दिल्याप्रमाणं दुसरा विषय घेतला. आता लोक तिला विधानसभेला उभी करायच्या गोष्टी करतात. मला तिचा अभिमान वाटतो, आणि तो मी पारावर मोठ्यानं सांगतो. धोरण शिकून पोट भरतं का हे मला अजून मालूम नाही, पण त्याचा उपयोग काय असतो ते मी पाहिलं आहे.

निकालाच्या दिवशी आमच्या दारावरून मिरवणूक गेली. गुलाल घरात आला. बायको उंबऱ्यात उभी राहून पाहत होती. माझा ऊर भरून आला होता, आणि त्या भरातच इतक्या वर्षांचं मनातलं बाहेर पडलं. मी म्हणालो, "सगळं खरं आहे. सगळ्या पोरींच्या लग्नाला गेली. आपल्याच पोरीच्या लग्नाला आली नाही."

बायकोनं वळून माझ्याकडं पाहिलं. तिला आधी मी थट्टा करतोय असं वाटलं.

"अहो, ती पहाटेच आली होती की. पोरीला साडी तिनंच नेसवली. मुहूर्ताच्या आधी सासरी जायचं म्हणून पोरगी घाबरली होती, कुणाचंच ऐकत नव्हती, तर हिनं तिला तासभर कुशीत धरून ठेवलं." तिनं पदरावरचा गुलाल झटकला. "पोरगी म्हणत होती, बाबांना बोलवा. मी बोलवायला आले होते दारापर्यंत. तुमी माईकवर कुणाचं तरी नाव घेत होतात."